दोन नगरांतील विद्यार्थी

(बी. ए. द्वितीय वर्ष)

आमच्या मोहर्ली गावाला परदेशी माणसाचे नवल नाही. ताडोबाच्या जंगलाचे एक मुख्य फाटक आमच्या गावातच आहे. पहाटे त्या फाटकापाशी जिप्सी गाड्यांची रांग लागते आणि त्यांत कुठल्या कुठल्या देशांचे पाहुणे गळ्यात कॅमेरे अडकवून बसलेले असतात. दोन-तीन दिवस राहतात. वाघ दिसला तर आनंदाने, न दिसला तर हळहळत परत जातात. लहानपणी माझी अशी समजूत होती की, परदेश म्हणजे जेथून माणसे आपल्याकडे येतात ती जागा. आपल्यातले कोणी तेथे जाऊन राहते, परक्या शहरात खोली शोधते, रात्री अर्धपोटी अभ्यास करते, हे माझ्या कल्पनेतही नव्हते.

दीड वर्षापूर्वी मी शिक्षणासाठी चंद्रपूरला आलो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. मोहर्ली ते चंद्रपूर अंतर ते किती! तरी पहिले काही महिने मला ते शहर परमुलखासारखे वाटले. एका घरी खोली रिकामी आहे असे कळले म्हणून विचारायला गेलो. घरमालकांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिले, वाघाच्या गोष्टी हौसेने ऐकून घेतल्या. मग आडनाव विचारले. आडनाव ऐकल्यावर त्यांना एकाएकी आठवले की, ती खोली भाच्यासाठी राखून ठेवलेली आहे. पुढे महिनाभर त्या दारावर ‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी लटकत होती. भाचा काही आला नाही.

त्या दिवशी एका मित्राच्या खोलीवर मुक्काम केला आणि झोप येईना म्हणून त्याच्याकडचे बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र हाती घेतले. बाबासाहेब मला परके नव्हते. आमच्या घरात देवाच्या जागी त्यांची आणि भगवान बुद्धांची तसबीर आहे. पण मला माहीत होते ते घटनेचे शिल्पकार, बोट उंचावून उभे असलेले बाबासाहेब. वयाच्या बाविसाव्या वर्षी ट्रंक घेऊन परक्या शहरात उतरलेला विद्यार्थी मला ठाऊक नव्हता. त्या विद्यार्थ्याने दोन परदेशी नगरांत वास्तव्य केले. ही दोन्ही नगरे एकमेकांपासून फार निराळी होती आणि दोहोंनी त्याला निरनिराळे घडवले. त्याच विद्यार्थ्याची हकिकत माझ्या अल्पमतीप्रमाणे येथे सांगत आहे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार. घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. १९१२ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून भीमराव बी. ए. झाले. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील वारले. घरात तरुण पत्नी रमाबाई आणि तान्हा यशवंत. अशा वेळी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना अमेरिकेत शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड. त्या वेळच्या पंधरा रुपयांना एक पौंड या भावाने पाहिले तर सुमारे १७२ रुपये. अट एकच, परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची.

१९१३ च्या जुलै महिन्यात भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. सुरुवातीला विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात राहिले. तेथील जेवण मानवेना, म्हणून निरनिराळ्या देशांचे विद्यार्थी जेथे राहत त्या कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये त्यांना नवल भथेना नावाचा पारशी सोबती मिळाला. ही मैत्री जन्मभर टिकली.

त्या वेळचे न्यूयॉर्क कसे होते? जगभरच्या देशोधडीला लागलेल्या लोकांचे ते शहर होते. बोटींतून रोज नवी माणसे उतरत. इटालियन, ज्यू, रशियन, आयरिश, ज्याची त्याची भाषा निराळी आणि ज्याचा त्याचा भूतकाळ मागे राहिलेला. अशा ठिकाणी एक हिंदी विद्यार्थी आला तर त्याच्या जातीशी कोणाला काय कर्तव्य असणार? वर्गात तो कोणाच्याही शेजारी बसू शकत होता, भोजनगृहात कोणत्याही मेजावर जेवू शकत होता. शाळेत असताना ज्या मुलाला बसण्यासाठी गोणपाट घरून न्यावे लागे आणि शिपायाने वरून ओतल्याशिवाय पाणी मिळत नसे, त्याला हे काय वाटले असेल याची कल्पना मी माझ्या परीने करू शकतो.

पण न्यूयॉर्क म्हणजे स्वर्ग होता असे मानण्याचे कारण नाही. विद्यापीठाला लागूनच हार्लेमची वस्ती. त्याच काळात तेथे काळ्या लोकांची संख्या वाढत होती आणि त्यांना घर देताना गोरे मालक नाक मुरडत होते. अमेरिकेच्या दक्षिण भागात तर काळ्यांसाठी शाळा वेगळ्या, गाडीचे डबे वेगळे, पाण्याचे नळसुद्धा वेगळे होते. म्हणजे जो मोकळेपणा भीमरावांना मिळाला तो त्याच देशात जन्मलेल्या लक्षावधी लोकांना मिळत नव्हता. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी काळ्यांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याची चौकशी केली. हार्लेमशेजारी काढलेली तीन वर्षे ते विसरले नव्हते असे मला वाटते.

या मोकळेपणाचे त्यांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. त्यांनी तो ग्रंथालयात खर्च केला. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ आणि मानववंशशास्त्राचे ४ असे अभ्यासक्रम त्यांनी घेतले. मला एका वर्षाचे सहा पेपर जड जातात! अर्थशास्त्राला एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञानाला जॉन ड्युई, इतिहासाला जेम्स हार्वे रॉबिन्सन यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. त्यांतही ड्युई यांच्या विचारांची छाप पुढे आयुष्यभर राहिली. लोकशाही ही केवळ मतदानाची पद्धत नसून माणसांनी एकमेकांसोबत जगण्याची रीत आहे, हा विचार बाबासाहेबांच्या लेखनात पुन्हा पुन्हा भेटतो. जुन्या बाजारातून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. लाला लजपतराय त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये होते. त्यांनी आपल्या चळवळीत येण्याचा आग्रह केला, तेव्हा आधी शिक्षण पुरे करू द्यावे असे सांगून भीमरावांनी नम्रपणे नकार दिला. आणि साडेअकरा पौंडांतून पोट मारून ते घरीही पैसे पाठवीत होते.

१९१५ साली ते एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर या प्राध्यापकांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींविषयी एक निबंध वाचला. वय २५. जात कशी टिकते, तर ती जातीतल्या जातीत लग्न लावण्याच्या सक्तीने टिकते, अशी त्यांची मांडणी होती. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढी ती सक्ती सांभाळण्यासाठीच निर्माण झाल्या, असे त्यांनी तर्काने दाखवले. हा निबंध १९१७ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’ या मासिकात छापून आला. मला यात एक गोष्ट विशेष वाटते. जातीवरचा त्यांचा हा पहिला अभ्यास ज्या शहरात त्यांना कोणी जात विचारत नव्हते त्या शहरात झाला. पायात काटा रुतलेला असताना माणूस नुसता कळवळतो. बसायला जागा मिळाली की मग तो काटा नीट पाहता येतो. न्यूयॉर्कने त्यांना ही बसायची जागा दिली.

१९१६ मध्ये भीमराव लंडनला आले. ऑक्टोबरात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि नोव्हेंबरात बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव घातले. हे शहर अगदी वेगळे होते. अमेरिका तेव्हा अजून महायुद्धात उतरलेली नव्हती. लंडनवर मात्र जर्मन झेपेलिनमधून बॉम्ब पडत होते, रात्री दिवे झाकावे लागत होते. शिवाय न्यूयॉर्कमध्ये हिंदी माणूस हा नुसता परदेशी होता. लंडनमध्ये तो पारतंत्र्यातला प्रजाजन होता आणि ते शहर त्याच्या राज्यकर्त्यांची राजधानी होती.

लंडनचा हा पहिला मुक्काम वर्षभरही टिकला नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि करारानुसार परत यावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी तेवढी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवली. सामान दुसऱ्या बोटीने पाठवले होते. ती बोट टॉर्पेडोने बुडाली आणि जमवलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. मिळालेल्या नुकसानभरपाईतून त्यांनी बडोद्याच्या प्रवासाचा खर्च भागवला.

बडोद्याला जे घडले ते सर्वांना माहीत आहे, तरी सांगितल्यावाचून राहवत नाही. कोलंबियाच्या या पदवीधराला त्या शहरात राहायला खोली मिळेना. शेवटी नाव बदलून ते एका पारशी सरायीत राहिले. वरच्या मजल्यावर एकटे, अडगळीच्या दालनात, मिणमिणत्या कंदिलाच्या उजेडात, वटवाघळांच्या फडफडाटात. अकराव्या दिवशी हातांत काठ्या घेतलेले पारशी गृहस्थ जिन्यावर उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. एका हिंदू मित्राने घरचे नोकर निघून जातील ही अडचण सांगितली. ख्रिस्ती मित्रानेही टाळले. मग एका सार्वजनिक बागेत झाडाखाली बसून त्यांनी अश्रू ढाळले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. परदेशातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत हे ते विसरूनच गेले होते, ही गोष्ट त्यांनी स्वतः पुढे आठवणींत नमूद करून ठेवली आहे. बडोदा स्टेशनावर उतरताच, जायचे कोठे, या एका प्रश्नाने त्यांना ती आठवण करून दिली.

त्या रात्री हे पान वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ती पाटी आली. माझे दुःख त्यांच्या दुःखापुढे किती लहान! मला मित्राची खोली होती, पाठीशी कायदा होता. आणि तो कायदा कोणी आणला हेही मला ठाऊक होते.

१९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. विद्यार्थी त्यांचे व्याख्यान मन लावून ऐकत. पण प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये असे काही सहकाऱ्यांना वाटे. पगार साडेचारशे. राहणे मात्र परळच्या चाळीत. पगारातून पै-पै साठवून, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनाकडून पाच हजारांचे कर्ज घेऊन ते जुलै १९२० मध्ये पुन्हा लंडनला निघाले.

परत लंडनलाच का? मोकळा श्वास तर त्यांनी न्यूयॉर्कमध्ये घेतला होता! हा प्रश्न मी आमच्या इतिहासाच्या सरांना विचारला. सरांनी उत्तर दिले नाही, मलाच शोधायला सांगितले. मला जे सुचले ते असे. अर्धवट राहिलेला अभ्यास हे एक कारण होतेच. पण बडोद्याने आणि सिडनहॅमने त्यांना हेही शिकवले होते की, दुसऱ्याच्या नोकरीत कितीही मोठी जागा मिळाली तरी पाण्याचे भांडे वेगळेच राहणार. बॅरिस्टर हा कोणाचा चाकर नसतो. त्याला वरिष्ठाची मर्जी सांभाळावी लागत नाही आणि समाजासाठी बोलताना नोकरी जाण्याची धास्ती नसते. ही सनद न्यूयॉर्क देऊ शकत नव्हते, लंडन देऊ शकत होते.

पण लंडनने ती फुकट दिली नाही. सकाळच्या न्याहारीला पावाचा एक तुकडा, त्यावर मुरंब्याचा पातळ थर, थोडी मासळी आणि बोव्हरिल नावाचे मांसाच्या अर्काचे गरम पेय. एवढ्यावर दिवस काढायचा. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सकाळी शिरायचे ते बंद होईपर्यंत उठायचे नाही. दुपारचे जेवण परवडत नसे आणि त्यात वेळही जाई. रात्री भूक असह्य झाली की गावाकडून आलेल्या माणसाने दिलेले पापड पत्र्याच्या तुकड्यावर भाजून खायचे. लंडनच्या थंडीत रात्री भाजल्या जाणाऱ्या त्या पापडाचा वास मला पुस्तकाच्या पानातून आला. आई मला दर पंधरवड्याला एस. टी.च्या चालकाबरोबर डबा पाठवते, त्यातही पापड असतात. सोबती झोपायला सांगत, पण यांचे वाचन पहाटेपर्यंत चालूच.

ग्रेज इनची एक रीत मला फार विलक्षण वाटली. तेथे बॅरिस्टर होण्यासाठी परीक्षा पास होणे पुरत नसे. संस्थेच्या भोजनगृहात सर्वांबरोबर बसून ठरावीक संख्येने जेवणे घ्यावी लागत, तेव्हा सत्रे पूर्ण झाली असे मानत. म्हणजे ज्याच्या शेजारी बसून जेवायला स्वदेशात कोणी तयार नव्हते, त्याला त्या परक्या शहरात पंक्तीला बसणे हा शिक्षणाचा नियमच होता! अर्धपोटी राहणाऱ्या त्या विद्यार्थ्याने या मेजावर बसून काय विचार केले असतील?

त्यांच्या प्रबंधाचा विषय होता रुपया. १९२० च्या आरंभी एक रुपया अडीच शिलिंगांच्याही वर चढला होता. सरकारने तो दोन शिलिंगांवर बांधण्याचा हट्ट धरला आणि पुढच्या वर्षी तो सव्वा शिलिंगाच्या आसपास घसरला. हिंदुस्थानातून रुपयांत पैसे मागवणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या ताटातला पाव यामुळे लहान होत असणार. रुपयाचा प्रश्न बाबासाहेबांनी नुसता पुस्तकातून अभ्यासला नाही, तो त्यांच्या पोटाशी येऊन भिडला होता, असे म्हटले तर चूक होऊ नये. १९२१ साली ते एम. एस्सी. झाले, १९२२ साली बॅरिस्टर झाले. अभ्यासासाठी काही काळ जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही गेले. सरकारी चलनधोरणावर टीका करणारा त्यांचा प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. पैसे संपले होते, म्हणून १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले. येथून प्रबंध पुन्हा लिहून पाठवला आणि त्याच वर्षी डी. एस्सी. मिळवली. पुढे १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी याच विषयावर साक्ष दिली. कोलंबियाची पीएच. डी. मात्र प्रबंधाच्या छापील प्रती सादर केल्यावर १९२७ साली हाती आली.

दोन्ही नगरांची तुलना करताना आपण तिसऱ्या घराला विसरतो. ते घर परळच्या चाळीत होते. एका नगरात भीमराव पुस्तके जमवीत होते, दुसऱ्यात पापड भाजत होते आणि रमाबाई येथे दिवस ढकलत होत्या. त्यांची चार लेकरे दगावली; यशवंत तेवढा जगला. दोन्ही शहरांच्या पदव्यांचे मोल या माउलीने भरले. १९३५ साली त्या वारल्या. १९४० साली प्रसिद्ध झालेला पाकिस्तानविषयीचा ग्रंथ बाबासाहेबांनी आपल्या रामूला अर्पण केला.

परत आल्यावर बाबासाहेबांनी काय केले ते मी सांगायला नको. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी, पुढे गोलमेज परिषदा, पुढे घटना. लंडनला ते १९३० साली पुन्हा गेले, पण तेव्हा कोट्यवधींचे प्रतिनिधी म्हणून. लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरच्या ज्या घरात ते १९२१-२२ च्या सुमारास राहिले, ते २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेऊन तेथे स्मारक केले. न्यूयॉर्कला ते १९५२ च्या जूनमध्ये गेले. ५ जूनला कोलंबियाने त्यांना एलएल. डी. ही सन्मान्य पदवी दिली. त्यांचे गुरू ड्युई १ जूनलाच वारले होते. थोडक्यात भेट चुकली.

आणि एक गाव राहिले, ते आमचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि १६ ऑक्टोबरला बाबासाहेब चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला आले. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांनी तेथे दीक्षेचा सोहळा घडवून आणला. माझे आजोबा तेव्हा दहा वर्षांचे होते. पणजोबांच्या बैलगाडीत बसून ते जंगलातून चांद्याला आले. गर्दीत त्यांना बाबासाहेब नीट दिसलेही नाहीत. लांबून आवाज तेवढा ऐकू आला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. न्यूयॉर्क आणि लंडन पाहिलेला तो थोर पुरुष आजारी शरीराने आमच्या जंगलाच्या कडेपर्यंत येऊन गेला, हे आजोबा आजही हात जोडून सांगतात.

परदेशी जाणाऱ्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची शिष्यवृत्ती आहे. तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे. बाबासाहेबांच्या दुसऱ्या लंडनवारीला मदत करणारे तेच शाहू महाराज. सरांनी मला तिची माहिती दिली तेव्हा मी ती घरी सांगितली. बाबा काही बोलले नाहीत. आई म्हणाली की, गेलेला परत येतो का ते आधी सांग. मी तिला बाबासाहेब परत आले असे सांगितले. त्यावर तिने रमाबाईंचे काय झाले ते विचारले. आईला अक्षरओळख बेताचीच आहे, पण तिच्या या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि अजूनही नाही.

मला एवढेच समजले आहे की, बाबासाहेबांनी न्यूयॉर्कहून मोकळी मान आणली, लंडनहून हातात सनद आणली आणि दोन्ही आणून ठेवली ती परळच्या चाळीत. जायचे झाले तर असे जायला हवे. गेल्या १६ ऑक्टोबरला मी चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर आजोबांना घेऊन गेलो. परतताना त्यांना ती पाटीची हकिकत प्रथमच सांगितली. ते काही वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी माझ्या परीक्षेची तारीख विचारली.

अर्जाला अजून वेळ आहे. आधी बी. ए. व्हायचे आहे.